‘गुरू’ पोरांना एवढा का भावतो?

खतावणी (धागाकर्ता)

मी वाणिज्य शाखेच्या पोरांना हिशेब शिकवतो. नवीन वर्ग आला की आवडता सिनेमा विचारतो, तेवढाच ओळखीला विषय. मुलींकडून नाना नावं येतात. मुलांकडून एक नाव हमखास येतं : मणिरत्नमचा ‘गुरू’. सिनेमा आला १२ जानेवारी २००७ ला. समोर बसलेली बरीच पोरं तेव्हा पाळण्यात होती. तरी चौकशी आयोगापुढचं ते शेवटचं भाषण त्यांना तोंडपाठ आहे, स्टेटसला तेच, रीलला तेच.

अभिनय, रेहमानचं संगीत, रिलायन्सच्या धीरूभाई अंबानींशी साम्य किती आणि फरक किती, यावर इथे भरपूर लिहून झालंय. मला वेगळंच विचारायचंय. वीस-बावीस वर्षांच्या मुलाला या सिनेमात नेमकं काय सापडतं?

माझं मत आधी सांगून टाकतो. ‘आजकालच्या पोरांना पैशाची हाव सुटलीय’ हे उत्तर मला अजिबात पटत नाही. पैसे उडवताना सिनेमाचा नायक गुरुकांत देसाई फारसा दिसतच नाही. पोरं जे प्रसंग पुन्हा पुन्हा सांगतात त्यात बंगला नाही, गाडी नाही. त्यात तो कुणाला तरी उलट उत्तर देत असतो. गावच्या शाळेत हेडमास्तर असलेले वडील म्हणतात, स्वप्नं बघू नकोस, ती खरी होत नसतात. इस्तंबूलमध्ये साहेब बढती देऊ करतो. मुंबईच्या बाजारात कॉन्ट्रॅक्टर नावाचा बडा माणूस त्याला धंदाच करू देत नाही. शेवटी चौकशी आयोग २९ आरोप घेऊन बसलेला असतो. सगळे वयाने मोठे, सगळे खुर्चीत बसलेले, आणि हा प्रत्येकासमोर उभा राहून बोलतो. आपल्याकडचा वीस वर्षांचा मुलगा दिवसभर अशाच खुर्च्यांसमोर उभा असतो. घरी, कॉलेजच्या ऑफिसात, मुलाखतीत. त्याला बोलता येत नाही ते गुरू बोलतो.

बढती नाकारण्याचा प्रसंग तर नीट बघण्यासारखा आहे. बर्मा शेलची नोकरी, परदेशात, पगार चालू, आणि साहेब स्वतःहून वरची जागा देतोय. नोकरदार घरात याहून मोठी बातमी नसते. ‘पर्मनंट झालास का?’ हा प्रश्न ऐकत वाढलेल्या मुलाला तिथे कुणी तरी शांतपणे ‘नको’ म्हणताना दिसतं. वर्गात पोरं हा प्रसंग सांगतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो.

आता दुसरी बाजू. गोष्ट १९५१ मध्ये सुरू होते. आपल्याकडचा उद्योग (विकास व नियमन) कायदाही त्याच सालचा. कारखाना काढायला परवाना, वाढवायला परवाना, यंत्र आणायला परवाना, आणि मंजूर क्षमतेपेक्षा जास्त माल काढला तर तोही गुन्हा. १९७३-७४ मध्ये प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर ९७.७५ टक्क्यांवर गेला होता. हे सगळं मोडीत निघायला जुलै १९९१ उजाडला. सिनेमाची हुशारी अशी की नियम मोडणारा माणूस आपल्याला अशा काळात दाखवला आहे, जेव्हा नियमच आतल्यांना आत आणि बाहेरच्यांना बाहेर ठेवत होते. त्यामुळे त्याचा राग न्याय्य वाटतो, बऱ्याच अंशी तो होताही. पण पोरं राग तेवढा उचलतात आणि काळ तिथेच सोडून देतात. मग जीएसटीचं विवरणपत्र भरायलाही त्यांना ‘सिस्टीम’ आडवी येते!

आणि एक. आयोग त्याला पूर्ण निर्दोष सोडत नाही, दंड होतोच. त्याला मुलासारखं मानणारे नानाजी स्वतःच्या वर्तमानपत्रातून त्याच्याविरुद्ध छापतात, आणि सिनेमा नानाजींना खोटं पाडत नाही. हा भाग पोरांच्या सांगण्यात कधीच येत नाही.

तुम्हाला काय वाटतं? विशेषतः ज्यांनी हा सिनेमा वयाच्या विशीत पाहिला त्यांनी लिहा.

पिंपळपार

छान धागा. पोरं उलट उत्तरासाठी बघतात हे शंभर टक्के पटलं. वडिलांचं ते एक वाक्य काढलं तर अर्धा सिनेमा बसेल.

ताणाबाणा

इचलकरंजीहून लिहितोय, घरचा सुताचा व्यापार. ‘गुरू’ लागला तेव्हा थिएटरात निम्मी पोरं यंत्रमागवाल्यांची होती. पडद्यावर पॉलिएस्टरचं नाव निघालं की शिट्ट्या. आपला धंदा सिनेमात आला याचाच आनंद मोठा होता. तोवर हिंदी सिनेमात व्यापारी म्हणजे एक तर मुनीम नाही तर काळाबाजारवाला.

खतावणी सरांचं म्हणणं मान्य, पण धंद्यातल्या माणसाला त्यात वेगळं काही दिसतं. गुरुकांतची धडाडी दिसते, त्याची उधारी दिसत नाही. सुताचा धंदा उधारीवर चालतो. आम्ही सूत द्यायचं, सायझिंगला (धाग्याला खळ लावायला) जाऊन बीम भरायचं, मागावर चढायचं, कापड उतरायचं, ते विकायचं, त्याचे पैसे यायचे, आणि मग आमचे. मधे सुताचा भाव सकाळी एक, संध्याकाळी एक. कुणाचा चेक वटेल, कुणाला चार दिवस थांबवायचं, कुणाला दारातूनच परत पाठवायचं, हे ओळखण्यात माणसाचं अर्धं आयुष्य जातं.

काका मला गोदामात उभं करून शिकवायचे. कोनवरून, म्हणजे सुताच्या रिळावरून, वीतभर धागा ओढायचा, पीळ सोडून बघायचा, मग टोकाला काडी लावायची. सुती असेल तर कागदासारखा जळतो आणि बोटाला राख लागते. पॉलिएस्टर असेल तर आकसत मागे सरकतो आणि टोकाला काळा कडक मणी धरतो. मिश्र सूत असेल तर दोन्ही थोडं थोडं. कितीचं मिश्रण ते वासावरून सांगणारे लोक होते गावात. हे शिकायला वर्षं लागतात, आणि यातलं काही पडद्यावर दाखवलं तर लोक उठून जातील, हेही कळतं मला. अडीच तासांत तीस वर्षं बसवायची तर हेच कापावं लागणार. पण नेमकं जे कापलं तेच कष्टाचं होतं. पोरगा थिएटरातून बाहेर येतो तेव्हा त्याच्याकडे निकाल असतो, मधली रीत नसते.

अवांतर : पॉलिएस्टर लोकांनी का उचललं तेही लक्षात घ्या. धुऊन टाकलं की वाळलं, इस्त्री नको, वर्षानुवर्षं फाटत नाही. आमच्या आज्जीच्या तोंडी टेरिलिनचा शर्ट म्हणजे लग्नातलाच. ज्याच्याकडे दोन जोड कपडे त्याला टिकणारं कापड म्हणजे पैशांची बचतच. मागणी खरी होती.

रानजाई

सर, तुम्ही सगळं लिहिलंत आणि हुंडा राहिला.

गुरुकांतचं पहिलं भांडवल कुठून आलं? सुजाताशी लग्न करून. तो हुंड्यासाठी लग्न करतो, तिच्या भावाला धंद्यात घेतो आणि मुंबई गाठतो. सिनेमा हे लपवत नाही. तिला कळतं तेव्हा ती माहेरी निघून जाते, आणि त्याला तिला आणायला जावं लागतं. पक्षाघातानंतर त्याला धड बोलता येत नाही, तेव्हा आयोगापुढे सुरुवातीचे दिवस तीच त्याची बाजू मांडते. पोरांच्या रीलमध्ये ती कधी दिसलीय का? भाषण कापून घेतात, त्याआधीची ती नाही.

माझ्या माहितीतल्या कितीतरी मराठी धंद्यांची सुरुवात अशीच आहे. पाटल्या मोडल्या किंवा गहाण टाकल्या आणि गाळ्याची अनामत भरली. पुढे दुकानाच्या पाटीवर ‘आणि सन्स’ आलं, त्या पाटल्यांचा उल्लेख कुठेच नाही. ‘शून्यातून विश्व’ म्हणतात तेव्हा ते शून्य बहुतेक वेळा कुणाच्या तरी अंगावरचं सोनं असतं.

आणि मुली हे नाव घेत नाहीत म्हणालात, त्याचं कारण मला यातच दिसतं. सुजाता मला अतिशय आवडते. आधीचं प्रेम मोडून आलेली, हुशार, ठाम. पण तिची सगळी बुद्धी नवऱ्याच्या बाजूने उभं राहण्यात खर्च होते. मुलाला सिनेमा सांगतो, तू बापाचं ऐकू नकोस, जा. मुलीला सांगतो, तू त्याच्याबरोबर जा. वीस वर्षांच्या मुलीने त्यात स्वतःला कुठे ठेवायचं?

तरीही सिनेमा वाईट म्हणणार नाही. हुंड्याची गोष्ट नायकाच्या अंगाला चिकटवून ठेवण्याची हिंमत दाखवली, फार कमी सिनेमे दाखवतात.

कांदापट्टी

सर, मी तुमच्याच विद्यार्थ्यांच्या वयाचा, तेवीस वर्षांचा. निफाड तालुका. वडील लिपिक, घरात धंदा कुणीच केला नाही. ‘गुरू’ होस्टेलवर लॅपटॉपवर पाहिला, पाच जण एका खाटेवर बसून.

आमच्या घरात व्यापारी हा शब्द कधी चांगल्या अर्थाने आलाच नाही. व्यापारी म्हणजे वजनात मारणारा, भाव पाडणारा. शेतकरी कष्टाचा, नोकरदार अब्रूचा आणि व्यापारी लबाड, एवढं साधं गणित. मला धंदा करायचाय हे घरात सांगायची लाज वाटायची. या सिनेमाने पहिल्यांदा दाखवलं की व्यापार करणारा माणूस ताठ उभा राहून, मी देशाचं काही तरी केलं, असं म्हणू शकतो. ते खरं किती, खोटं किती, नंतर बघू. लाज गेली एवढं मात्र नक्की.

तुम्ही म्हणता पोरं काळ सोडून देतात. सर, आमच्यासाठी परवाना राज संपलेलं नाही. आमच्या खोलीतले तीन जण स्पर्धा परीक्षेला बसलेत. जागा शेकड्यांत, अर्ज लाखांत. जाहिरात निघते, परीक्षा पुढे जाते, निकाल लागतो, नेमणूक अडकते, आणि तोवर वयाची अट जवळ येते. हा बंद दरवाजा नाही तर काय आहे? गुरूला कॉन्ट्रॅक्टर बाजारातून हाकलतो, तो प्रसंग बघताना आम्हाला १९५८ साल दिसत नाही, आमची खोली दिसते.

आणि शेअर बाजारात उतरायला मोबाइलवर डिमॅट खातं उघडायला काय लागतं? पॅन, आधार, बँकेचं खातं. ओळख नको, वशिला नको, इंग्रजीत मुलाखत नको. ‘आत ये’ म्हणणारं दुसरं दार आमच्यासमोर नाही, म्हणून पोरं तिथे जातात. त्याला हाव म्हणू नका.

पिंपळपार

कांदापट्टी, फार नेमकं लिहिलंस. खोलीचं वाक्य वाचून थांबलो.

लालबाग_चिवडागल्ली

आमच्या घरात या सिनेमावरून दोन तट आहेत.

आजोबा गिरणीत साचे (माग) चालवायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले, आणि आजोबा परत कधीच खात्यात गेले नाहीत. वडील तेव्हा शाळेत होते. ‘गुरू’ टीव्हीवर लागला की ते उठून गॅलरीत जातात. त्यांचं म्हणणं एवढंच : मुंबई, कापड आणि १९८० च्या आसपासचा काळ दाखवायचा आणि संप दाखवायचाच नाही, हे कसं?

मी त्यांना सांगत असतो की गिरण्या एका माणसाने किंवा एका धाग्याने बुडवल्या नाहीत. मालकांनी यंत्रं बदलली नाहीत, त्यांचा डोळा पुढे जमिनीवर गेला. कोरं कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवर स्वस्तात निघायला लागलं (ताणाबाणा, राग मानू नका). आणि गिऱ्हाइकाला सुतीपेक्षा टेरिकॉट (पॉलिएस्टर-सुती मिश्रण) हवं होतं. हे सगळं एकाच वेळी आलं.

पण मला स्वतःला हा सिनेमा आवडतो, आणि तो का आवडतो यावर मी खूप विचार केलाय. आमच्या चाळीत मोठं होताना ऐकलेल्या सगळ्या गोष्टी हरलेल्यांच्या होत्या. शूर होते, एकजुटीचे होते, पण हरले. लहानपणापासून तेच ऐकलेल्या मुलाला एकदा तरी जिंकणाऱ्याच्या खांद्यावरून जग बघावंसं वाटतं. दोन-अडीच तास मी कॉन्ट्रॅक्टरसमोर उभा असतो, आणि या वेळी माघार घ्यायची नसते. आजोबांशी ही गद्दारी आहे असं मला वाटत नाही. वडिलांना वाटतं. त्यांना मी समजावत बसत नाही, तो लागला की चॅनेल बदलतो.

हिशेबनीस

इथे समभागधारकांचा विषय कुणीच काढला नाही म्हणून लिहितो. गुरुकांत स्टेडियम भरून भागधारकांपुढे बोलतो, तो प्रसंग अतिशयोक्ती वाटेल, पण तसं झालेलं आहे. रिलायन्सची पहिली सार्वजनिक विक्री १९७७ ची, आणि १९८५ ची वार्षिक सभा कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर भरली होती. त्या पिढीतला मध्यमवर्ग शेअरकडे का वळला याला कारण होतं. १९७३ च्या फेरा (परकीय चलन) कायद्याने परदेशी कंपन्यांना इथल्या लोकांना शेअर देऊन आपला हिस्सा कमी करावा लागला, आणि त्या शेअरचे भाव ठरवायचे सरकारी नियंत्रकाने, तेही बाजारभावाच्या बरेच खाली. अर्ज लागला की फायदा जवळजवळ ठरलेला. बँकेतले, विमा कंपनीतले, शाळेतले लोक दुपारच्या सुट्टीत अर्ज भरायचे. म्हणजे ‘सामान्य माणसाला श्रीमंत केलं’ हे सिनेमातलं म्हणणं त्या काळापुरतं हवेत नाही.

आता कांदापट्टीने सांगितलेल्या दाराबद्दल. मार्च २०२० मध्ये देशात चार कोटींच्या आसपास डिमॅट खाती होती, मार्च २०२४ मध्ये पंधरा कोटींवर. मधे टाळेबंदी, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये हर्षद मेहतावरची ती मालिका. तिची धून कितीतरी पोरांच्या फोनवर होती. खाती वाढली यात गैर काही नाही. पण शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेला हिशेब प्रत्येक होस्टेलच्या भिंतीवर लावावा असा आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये (पुढच्या भावावरच्या मुदतीच्या करारांत) उतरलेल्या दर १०० वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ जणांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. आणि यात तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं.

कांदापट्टी, दार उघडं आहे हे तुझं म्हणणं बरोबर. पण तुझ्या आजोबांच्या पिढीने भरलेला शेअरचा अर्ज आणि एक्स्पायरीच्या (मुदत संपण्याच्या) दिवशी भाव चढेल म्हणून घेतलेला कॉल ऑप्शन, ह्या दोन गोष्टी नावापुरत्याच एका बाजारातल्या आहेत. पहिल्यात कंपनी वाढली तर सगळेच वर येतात. दुसऱ्यात तुझ्या रुपयासमोर दुसऱ्या कुणाचा तरी रुपया उभा असतो, आणि तो बहुतेक वेळा मोठ्या संस्थेचा, संगणकाने चालवलेला असतो. गुरूने पॉलिएस्टर विकलं. घेणाऱ्याकडे कापड तरी राहिलं.

खतावणी

रानजाई, हुंड्याचा मुद्दा आता वर्गात घेणारच, आणि भाषणाआधीचे ते दिवसही दाखवणार, सुजाता उभी आहे ते.

कांदापट्टी, परवाना राज तुमच्यासाठी संपलेलं नाही, हे वाक्य मी तुझं म्हणूनच सांगेन. माझी ‘सिस्टीम’वाली ओळ त्यापुढे उथळ वाटते, तरी मुद्दा सोडत नाही. दरवाजा बंद असणं खरं असलं, तरी तो कुणी बंद केलाय ते नीट बघावं लागतं. गुरुकांतला माणूस दिसत होता, कॉन्ट्रॅक्टर. तुमच्यासमोर तसा माणूस नाही. जागा कमी आहेत, परीक्षा लांबतात, शेतीचं उत्पन्न अनिश्चित आहे. तो राग मोबाइलच्या पडद्यावर काढता येत नाही. उलट उत्तर द्यायला समोर कुणी तरी असावं लागतं, आणि ऑप्शनच्या बाजारात समोर कुणीच दिसत नाही. तिथे फक्त रक्कम कमी होते.

लालबाग, वडील गॅलरीत जातात हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. जमलं तर त्यांच्याकडून संपाच्या दिवसांबद्दल लिहून घ्या, वेगळा धागा काढा. मी पहिला वाचेन.

कांदापट्टी

हिशेबनीस सर, आकडे खोलीत वाचून दाखवले. दोघं गप्प झाले, एक जण म्हणाला उरलेले सात आपणच असू. त्याच्याशी माझं अजून भांडण चालू आहे.

मी स्वतः ऑप्शन करत नाही. कांद्याच्या जाळीदार गोण्या विकायला सुरुवात केलीय, मे महिन्यापासून. कारखान्यातून घाऊक आणायच्या आणि बाजार समितीभोवतीच्या खळ्यांवर पोचवायच्या. वडिलांना अजून पूर्ण पटलेलं नाही, पण परवा गोण्या मोजायला आले होते. गुरूसारखं एकही वाक्य बोलावं लागलं नाही, फक्त गठ्ठे उचलावे लागले.

ताणाबाणा साहेब, एक विचारायचं होतं. एक मोठा कांदा व्यापारी आहे, माल पुष्कळ घेईन म्हणतो, पण पैसे हंगाम संपल्यावर. आजवर बाकी सगळ्यांकडून रोखच घेतलंय. त्याला नाही म्हटलं तर बाजारात नाव होणार नाही, हो म्हटलं तर माझं सगळं भांडवल त्याच्या खळ्यावर. काय करावं?

ताणाबाणा

सगळा माल देऊ नकोस. पहिल्या खेपेला त्याच्या मागणीचा चौथा हिस्सा दे, आणि पंधरा दिवसांची मुदत तूच सांग, त्याने सांगायच्या आत. कागदावर सही घे, चलनावर गोण्यांची संख्या आणि तारीख दोन्ही. मुदतीच्या आदल्या दिवशी स्वतः जा, फोन करू नकोस. पैसे आले तर पुढची खेप मोठी कर. नाही आले तर दुसरी खेप कितीही गोड बोलला तरी द्यायची नाही.

त्याच्याकडे माल देणारे आधीचे कोण आहेत ते हमालांना विचार, त्यांना सगळं माहीत असतं. आणि गोणीचा भाव वडिलांसमोर ठरव. लिपिक माणूस आहे, नोंद पक्की ठेवतील.